पिशवी काढली, पण बीजकोष ठेवले का?



गेल्या महिन्यात आमच्या विहारात महिला मंडळाची बैठक होती. मी विचारलं, "इथे कुणाकुणाची पिशवी काढलेली आहे?" आधी कुणी बोलेना. मग मागच्या रांगेतल्या एका आजीने हात वर केला, आणि तिचं बघून एकेक करत नऊ हात वर गेले. त्यातल्या चौघी चाळिशीच्या आतल्या होत्या. मी दुसरा प्रश्न विचारला, "पिशवीबरोबर बीजकोषही काढले का?" नऊजणींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. एक ताई म्हणाली, "डॉक्टर म्हणाले सगळं साफ केलंय. आता काय काय काढलं ते मला कसं ठाऊक?"

हा प्रश्न मी जिथे जाईन तिथे विचारते. त्यामागे माझी एक चूक आहे, ती आधी सांगते.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. कॅज्युअल्टीत रात्रपाळी होती. बाराच्या सुमारास वस्तीतल्या एक ताई नवऱ्यासोबत आल्या. वय ३८, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या. म्हणाल्या, "जबडा ओढल्यासारखा दुखतोय, पाठीत भरून आलंय, दोनदा उलटी झाली." छातीत दुखतंय असं त्या म्हणाल्याच नाहीत. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मीच बोलून गेले, "पाळीच्या वयातली बाई आहे सर, पित्तच असेल." त्यांनी पित्ताचं इंजेक्शन लिहिलं, मी दिलं. ईसीजीचं मशीन दहा पावलांवर होतं. ते लावलं सकाळी सहा वाजता, ताईंना घाम फुटून घाबरं झाल्यावर. तोवर हृदयाचा बराच भाग मेला होता.

ताई वाचल्या, पण दोन जिने चढले की धाप लागायची. कामं सुटली. तीन वर्षांनी त्या गेल्या.

त्या वॉर्डात असताना त्यांच्या नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत घरातले सगळे कागद आणून दिले होते. त्यात एका खाजगी दवाखान्याचं जुनं डिस्चार्ज कार्ड होतं. वयाच्या ३१व्या वर्षी, अंगावरून पांढरं जातं म्हणून, ताईंची गर्भपिशवी काढली होती आणि तिच्यासोबत दोन्ही बीजकोषही. म्हणजे मी जिला "पाळीच्या वयातली" म्हणाले, तिची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती. वय ३८ होतं, पण तिच्या हृदयाला जी राखण त्या वयात असायला हवी होती ती कुणीतरी ऑपरेशनच्या टेबलावरच काढून घेतली होती. ती राखण म्हणजे काय, हे आज समजून घेऊ.

बीजकोष काय करतात?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोष असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. दर महिन्याला बीज तयार करणं हे त्यांचं एक काम. दुसरं काम म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडणं. पाळी येणं, छाती वाढणं, मूल राहणं ही इस्ट्रोजेनची कामं आपल्याला ठाऊक असतात. पण हे हार्मोन रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. हाडांत, मेंदूत, यकृतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आणि हृदयाच्या पेशींतही त्याला ओळखणारी कुलुपं असतात. किल्ली लागली की त्या त्या जागी काम सुरू होतं.

रक्तवाहिनीच्या अस्तरात ही किल्ली लागली की तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त तयार होतो. त्यामुळे नळी सैलावते, रुंद होते, रक्त सहज वाहतं आणि गुठळी लवकर धरत नाही. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप पोचवतो, या शोधासाठी १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. यकृतात इस्ट्रोजेन वाईट कोलेस्टेरॉल कमी ठेवायला आणि चांगलं वाढवायला मदत करतं. म्हणून पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाच्या नळ्या सहसा त्याच वयाच्या पुरुषापेक्षा स्वच्छ राहतात.

एवढ्यावर थांबत नाही. समजा नळी बंद पडलीच, हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला, आणि औषधाने किंवा अँजिओप्लास्टीने तो पुन्हा सुरू केला. तेव्हाही हृदयाला इजा होते. आपल्या वस्तीत दोन दिवस पाणी बंद असलं आणि मग एकदम जोरात सुटलं तर काय होतं? आधी गढूळ पाणी येतं आणि जुना पाइप कुठेतरी फुटतो. तसंच उपाशी राहिलेल्या पेशीत रक्त परतलं की कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो, जाळणारे कण तयार होतात आणि पेशीतली वीजघरं, ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, ती फुटून पेशी मरते.

प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयाचा रक्तपुरवठा ठरावीक वेळ अडवून पुन्हा सोडला जातो आणि किती भाग मेला ते मोजलं जातं. अशा बऱ्याच प्रयोगांत मादीच्या हृदयातला मेलेला भाग नराच्या मानाने लहान निघाला. मादीचे बीजकोष काढून टाकले की हा फायदा गेला. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की बऱ्याच अंशी परत आला. म्हणजे हे हार्मोन नळी स्वच्छ ठेवतंच, शिवाय मार बसल्यावर तो सोसायची ताकदही देतं.

माणसांत काय दिसलं?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून पाच हजारांहून अधिक लोकांच्या हृदयाची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जात आहे. त्यातल्या २,८७३ बायांची २४ वर्षांची नोंद १९७६ साली प्रसिद्ध झाली. एकाच वयाच्या दोन बाया घेतल्या, एकीची पाळी चालू आणि दुसरीची गेलेली, तर हृदयविकार पाळी गेलेल्या बाईत जास्त दिसला.

दुसरा अभ्यास मला जवळचा वाटतो, कारण तो नर्सेसवर झाला. १९७६ साली अमेरिकेतल्या १ लाख २१ हजार ७०० नर्सेसनी आपापली माहिती भरून पाठवायला सुरुवात केली. १९८७ साली त्यातून निघालेला निष्कर्ष प्रत्येक बाईने लक्षात ठेवावा असा आहे. ज्यांची पाळी आपसूक, वयानुसार गेली होती, त्यांच्यात वय आणि सिगारेट यांचा हिशेब केल्यावर हृदयविकाराचा धोका ठळक वाढलेला दिसला नाही. पण ज्यांचे दोन्ही बीजकोष ऑपरेशनने काढले होते आणि ज्यांनी नंतर इस्ट्रोजेन घेतलं नव्हतं, त्यांचा धोका दुपटीहून अधिक होता.

फरक का? पाळी आपसूक जाते तेव्हा बीजकोष काही वर्षं हळूहळू मंदावतात. जिना उतरावा तसं शरीर एकेक पायरी उतरतं. ऑपरेशनने बीजकोष काढले की तेच शरीर जिन्यावरून खाली पडतं, आणि तेही बरीच वर्षं आधी.

मग गोळ्या घेऊन भागेल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. डॉक्टरांनाही तो सुचला होता आणि त्याचं उत्तर सरळ निघालं नाही. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना अमेरिकेत इस्ट्रोजेन देऊन पाहिलं. जास्त डोस मिळालेल्यांना उलट जास्त अटॅक येऊ लागले, म्हणून १९७० साली तो डोस थांबवावा लागला. १९९८ साली, आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायांच्या अभ्यासात गोळ्यांचा फायदा झाला नाही. पहिल्या वर्षी तर त्रास वाढला. २००२ साली १६,६०८ बायांचा मोठा अभ्यास मध्येच बंद करण्यात आला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत हृदयविकार, लकवा आणि स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. वाढ फार मोठी नव्हती. हृदयविकाराचं बोलायचं तर १० हजार बायांमागे वर्षाला ७ जास्तीच्या घटना. पण गोळी घ्यायची ती हृदय वाचवायला, आणि झालं उलटं.

त्या अभ्यासातल्या बायांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, नळ्यांत आधीच चरबीचा थर बसला होता. २०१६ साली ६४३ बायांवर झालेल्या अभ्यासात ही गाठ थोडी सुटली. पाळी गेल्यापासून ६ वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी झाला. १० वर्षांनंतर सुरू केलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. नवी भिंत असेल तर रंग धरतो, पोपडे आलेल्या भिंतीवर धरत नाही.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पाळी वयानुसार गेली असेल तर हृदय वाचवण्यासाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. मेडिकलवाल्याला विचारून तर मुळीच नाही. दोन, ज्यांचे दोन्ही बीजकोष ४५च्या आत काढलेले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. जे हार्मोन अजून अंगात असायला हवं होतं ते भरून काढायचं असतं. अशा बाईला, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळीचा आजार अशी काही अडचण नसेल तर, पाळी आपसूक जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं तज्ज्ञांचं मत आहे. ते द्यायचं की नाही हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. पण विचारायला तुम्ही जायला हवं, आणि जाण्यासाठी तुमचे बीजकोष काढलेत की ठेवलेत हे तुम्हाला ठाऊक हवं.

आपल्याकडे पिशव्या का निघतात?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची बातमी २०१९ साली देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे दर सहा बायांत एक. देशभराच्या २०१५-१६च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

त्या बायांचा हिशेब काय होता? नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाळीच्या दुखण्याने एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जाणार. पालात राहायचं, न्हाणीघर नाही, संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात कुणीतरी सांगायचं, "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाक." मुलं झालेली असतात, बाई म्हणते कटकट गेली.

शहरातल्या वस्तीत ऊस नाही, पण गणित तेच आहे. धुण्याभांड्याच्या बाईला खाडा परवडत नाही. सफाई कामगार बाईला पाळीत बसायला जागा नाही. पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं, ओटीपोटात दुखणं, या बऱ्याचशा तक्रारी गोळ्या-औषधांनी बऱ्या होऊ शकतात. "कॅन्सर होईल" या एका वाक्यावर पिशवी देऊन टाकायची नसते. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास तुकडा तपासणं, हे आधी व्हायला हवं.

बीडमध्ये त्यानंतर खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक ऑपरेशनांच्या प्रकरणात सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणजे "हे ऑपरेशन खरंच गरजेचं आहे का?" असं विचारणं हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे.

घरी जाऊन हे करा

पत्र्याच्या पेटीत, कपाटावर, जिथे कुठे कागद ठेवले असतील तिथून डिस्चार्ज कार्ड काढा. कार्ड इंग्रजीत असतं. शाळेत जाणाऱ्या मुलीला अक्षरं वाचायला सांगा.

टी.ए.एच. किंवा व्ही.एच. म्हणजे गर्भपिशवी काढली. पोटावाटे किंवा खालून, एवढाच फरक.

बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजकोषही काढले. वय ४५च्या आत असताना हे झालं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा. हृदयासोबत हाडंही लवकर ठिसूळ होतात, तेही विचारा.

यू.एस.ओ. म्हणजे एका बाजूचाच काढला. उरलेला एक बीजकोष बहुतेक वेळा काम चालवतो.

नुसती पिशवी काढली असेल आणि बीजकोष ठेवले असतील तर इस्ट्रोजेन चालू राहतं. तरी ते आपसूक थोडं लवकर थांबू शकतं. पाळीच येत नसल्याने कधी थांबलं ते कळत नाही. अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घाम येणं, झोप न लागणं, ही खूण समजा.

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची भीती बाळगू नका. त्यात फक्त नळ्या बांधतात, बीजकोषांना हात लावत नाहीत.

कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत बीजकोष आहेत की नाहीत ते बहुतेक वेळा कळतं.

आणि उद्या कुणी तुम्हाला किंवा तुमच्या सुनेला पिशवी काढायला सांगितली तर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. औषधाने बरं होणार नाही का? बीजकोष ठेवणार का, आणि नसाल ठेवणार तर का? दुसऱ्या डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या, मत घ्यायला चार दिवस मिळतील का? रक्त वाहून जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण पांढऱ्यासाठी उद्या सकाळीच टेबलावर घ्यायची घाई कशाला?

पाळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका

इस्ट्रोजेनची राखण चांगली असते, पण ती उधळताही येते. मधुमेह झाला की तिचा बराचसा फायदा संपतो, मग पाळी चालू असो वा नसो. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, आणि मशेरीतही तंबाखूच असते हे आपण विसरतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायांची पाळी साधारण वर्ष-दोन वर्षं आधीच जाते. गरोदरपणात बीपी वाढलं होतं किंवा साखर निघाली होती, अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळ झालं, बीपी उतरलं, म्हणून ती गोष्ट संपत नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्यावी. ती तिथे फुकट होते. बीजकोष काढलेल्यांनी कोलेस्टेरॉलही तपासावं.

झटक्याच्या वेळी बाईचं शरीर कधी कधी वेगळ्या जागेवरून बोलतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं हे बाईतही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे. पण त्यासोबत किंवा त्याच्याऐवजी जबडा, मान, खांदा किंवा पाठ दुखणं, धाप लागणं, उलटी, गार घाम, कधी नव्हे तो थकवा, असंही होतं. दहा-पंधरा मिनिटांत उतरलं नाही तर ओवा, सोडा, पित्ताची गोळी करत बसू नका. १०८ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची का, हे फोनवरच विचारून घ्या. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य असं म्हणा, "माझी पाळी अमुक वर्षी गेली, बीजकोष काढलेत, आधी ईसीजी काढा." समोरची नर्स माझ्यासारखी नवखी असेल, तर हे वाक्य तिलाही उपयोगी पडेल.

त्या ताईंची मुलगी आता ३३ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिलाही अंगावरून जात होतं आणि एका दवाखान्यात पिशवी काढायची तारीख दिली होती. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघी सरकारी रुग्णालयात गेलो. तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला, नवराबायको दोघांना औषधं दिली. तीन आठवड्यांत तिला बरं वाटलं. तिची पिशवी जागेवर आहे आणि बीजकोषही. त्या दिवशीच्या बैठकीत तीही होती. हात वर न करणाऱ्यांत ती बसली होती.

पुढच्या बैठकीला येताना सगळ्यांनी आपापलं कार्ड घेऊन या. मी चष्मा घेऊन बसते, एकेक वाचू.